एका स्कॅनमधून चार फोटो: चित्र कापून वेगवेगळ्या फायली करण्याची पद्धत

दिवाळीच्या साफसफाईत नागपुरात महाल, इतवारी, धंतोलीतल्या जुन्या घरांमधून कपाटावरचे अल्बम खाली येतात आणि कुणीतरी म्हणतं, हे सगळं एकदा स्कॅन करून ठेवू. एकेक फोटो स्कॅन करत बसलं तर वेळ फार जातो. म्हणून तीन-चार फोटो काचेवर एकदम मांडायचे, एकच स्कॅन काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर त्याच्या वेगवेगळ्या फायली करायच्या. पद्धत चांगली आहे. पण यात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टी कापताना बिघडत नाहीत, त्याआधी मांडतानाच बिघडलेल्या असतात. म्हणून सुरुवात स्कॅनरच्या काचेपासून करू.

इथे सगळं 'जिंप' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवलं आहे. मेनूंची नावं २.१० या आवृत्तीतली आहेत. तुमच्याकडे फोटोशॉप असेल तर त्याचा भाग पुढे वेगळा दिला आहे. जिंपची भाषा इंग्रजीच ठेवा, म्हणजे खालची नावं शोधायला सोपं जाईल.

काचेवर फोटो कसे मांडायचे

घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरची काच साधारण साडेआठ इंच रुंद आणि पावणेबारा इंच लांब असते. आता हिशेब करा. साडेतीन बाय पाच इंचाचे चार फोटो दोन-दोनच्या ओळीत मांडले तर सात बाय दहा इंच जागा लागते, म्हणजे मध्ये भरपूर अंतर ठेवूनही ते बसतात. पण चार बाय सहाचे चार फोटो तसेच मांडले तर लांबी बारा इंच होते आणि ते बसत नाहीत. बरेच जण ते ओढूनताणून बसवतात, फोटो एकमेकांवर चढतात किंवा कडेला कापले जातात. चार बाय सहाचे तीनच घ्या: दोन उभे शेजारी-शेजारी आणि त्यांच्या खाली एक आडवा.

दोन फोटोंमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. काचेच्या कडेपासूनही तीनेक मिलिमीटर आत या, कारण बऱ्याच स्कॅनरना अगदी कडेचा भाग दिसत नाही.

जुन्या फोटोंना पांढरी किनार असते आणि स्कॅनरचं झाकणही आतून पांढरं असतं. त्यामुळे स्कॅनमध्ये फोटो कुठे संपला तेच कळत नाही, ना डोळ्यांना, ना सॉफ्टवेअरला. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डशीट आणा आणि फोटो मांडून झाले की त्यांच्या पाठीवर तो ठेवून झाकण लावा. किनार लख्ख वेगळी दिसते. ही एक गोष्ट केली तरी पुढचं निम्मं काम हलकं होतं.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो कलर' किंवा 'ऑटो करेक्शन' बंद ठेवा. काचेवर एक काळा-पांढरा फोटो आणि शेजारी ऐंशीच्या दशकातला पिवळट पडलेला रंगीत फोटो असेल, तर सॉफ्टवेअर दोघांना मिळून एकच दुरुस्ती लावतं आणि दोन्ही बिघडतात. रंगाचं काम फोटो वेगळे झाल्यावर, प्रत्येकाचं स्वतंत्र करायचं. निदान एका जातीचे फोटो तरी एका वेळी घ्या.

रिझोल्यूशन ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके ठेवा. साडेतीन बाय पाचचा फोटो मग २१०० बाय ३००० पिक्सेलचा होतो आणि तो पुन्हा मोठा छापायलाही पुरतो. १२०० डीपीआयच्या मोहात पडू नका, छापील फोटोच्या कागदात तेवढा तपशील नसतोच. पूर्ण काच ६०० डीपीआयने स्कॅन केली की सुमारे ५१०० बाय ७००० पिक्सेल भरतात, आणि टिफ प्रकारात ती फाइल शंभर एमबीच्या आसपास जाते. साठवायला हीच ठेवा. जेपेग दर वेळी बदल करून जतन करताना थोडा तपशील गमावतो, त्यामुळे मूळ स्कॅन जेपेगमध्ये काढू नका.

आपल्याकडच्या हवेचंही सांगायला हवं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात जुने फोटो चित्राच्या बाजूने वळतात, कारण वरचा जिलेटिनचा थर सुकून आकसतो. असा वळलेला फोटो काचेवर सपाट बसत नाही आणि कडा धूसर येतात. म्हणून काम कूलरच्या झोतात करायचं, असा विचार मात्र करू नका. ओलसर हवेत फोटो काचेला चिकटू शकतो. आदल्या रात्री फोटो दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकाखाली ठेवले तर पुरेसे सपाट होतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो गरमीत गोंद मऊ होऊन पानाला पक्के धरलेले असतात. ते ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. कापायचं काम तर पुढे कॉम्प्युटरवरच होणार आहे.

फोटो एकेक करून वेगळे करणं

स्कॅन झाला की पहिलं काम: मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा. पुढे कुठेही चूक झाली तरी फोटो पुन्हा काचेवर ठेवावा लागणार नाही.

जिंपमध्ये फाइल उघडा आणि पुढचा क्रम धरा.

१. कीबोर्डवर 'आर' दाबा, म्हणजे 'रेक्टँगल सिलेक्ट' हे हत्यार हातात येतं. पहिल्या फोटोभोवती चौकट ओढा. चौकट फोटोच्या किनारीला चिकटवू नका, चारही बाजूंनी साधारण ५० पिक्सेल काळी जागा आत येऊ द्या. कारण पुढे कळेल.

२. कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबा. निवडलेला भाग नवीन चित्र म्हणून उघडतो. मेनूतून जायचं असेल तर 'एडिट', 'पेस्ट ॲज', 'न्यू इमेज'.

३. आता फोटो सरळ करा. शिफ्ट आणि एम दाबून 'मेझर' हत्यार घ्या, फोटोच्या एका लांब कडेवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढा आणि हत्याराच्या पर्यायांतलं 'स्ट्रेटन' बटण दाबा. फोटो त्या कडेप्रमाणे सरळ उभा राहतो.

४. आता शिफ्ट आणि सी दाबून 'क्रॉप' हत्यार घ्या, काळी जागा वगळून फोटोवर चौकट ओढा आणि एंटर दाबा. फोटोची पांढरी किनार मात्र ठेवा. स्टुडिओचा शिक्का, छापल्याचा महिना असं काही त्यावरच सापडतं.

५. 'फाइल' मेनूतून 'एक्सपोर्ट ॲज' करा. 'सेव्ह' दाबलंत तर जिंप स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जतन करतं आणि ती फाइल फोटो लॅबमध्ये किंवा फोनवर उघडत नाही. 'सेव्ह केलं पण फोटो दिसत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

६. हे चित्र बंद करून मूळ स्कॅनवर परत या आणि पुढचा फोटो घ्या.

पहिल्या पायरीत ५० पिक्सेल जास्त घ्यायला का सांगितलं, ते आता. हाताने ठेवलेला फोटो थोडा तरी वाकडा असतोच. केवळ एक अंश वाकडा असला तरी ३००० पिक्सेल लांबीवर कड सुमारे ५२ पिक्सेल सरकते, म्हणजे ६०० डीपीआयवर दोन मिलिमीटरहून जास्त. घट्ट कापून मग फिरवलं तर कोपरे जातात, आणि ग्रुप फोटोत कोपऱ्यात उभं कोण असतं? घरातलंच कुणीतरी. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी सैल कापा, मग सरळ करा, शेवटी नेमकं कापा.

कॉपी केल्यावर नवीन चित्रात अर्धवटच काही आलं किंवा रिकामा चौकोन आला, तर चित्रात एकापेक्षा जास्त लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर आहेत आणि तुम्ही भलत्याच लेयरवर आहात. 'एडिट' मेनूतलं 'कॉपी व्हिजिबल' वापरा किंवा आधी 'इमेज' मेनूतून 'फ्लॅटन इमेज' करून घ्या.

सरळ रेघांत कापायचं असेल तर गाइड

वरची पद्धत सुट्या फोटोंसाठी झाली. पण एकच चित्र समान तुकड्यांत वाटायचं असेल तर एकेक चौकट ओढत बसायची गरज नाही. समजा फुटाळा तलावाच्या काठावरून संध्याकाळचा लांबलचक पॅनोरमा काढला आहे आणि इन्स्टाग्रामवर तो बोटाने सरकवत तीन चित्रांत सलग दिसावा असं हवं आहे.

इथे नवखे थेट कापायला जातात आणि आकड्यात अडकतात. ४००० पिक्सेल रुंदीला तिनाने भाग जात नाही, एक तुकडा १३३४ चा आणि दोन १३३३ चे होतात. त्यामुळे आधी चित्र भाग जाईल अशा मापाचं करून घ्यायचं. प्रत्येक तुकडा १०८० बाय १३५० हवा, तर तिन्ही मिळून ३२४० बाय १३५०, म्हणजे १२ ला ५ हे प्रमाण. 'क्रॉप' हत्याराच्या पर्यायांत 'फिक्स्ड' वर खूण करा, 'ॲस्पेक्ट रेशो' निवडा, १२:५ लिहा आणि चौकट ओढा. पॅनोरमा ४००० बाय १५०० असेल तर त्यातून ३६०० बाय १५०० निघतो. मग 'इमेज' मेनूतल्या 'स्केल इमेज' ने रुंदी ३२४० करा, उंची आपोआप १३५० होते.

आता गाइड घालायचं, म्हणजे कुठे कापायचं ते दाखवणारी रेघ: 'इमेज', 'गाइड्स', 'न्यू गाइड'. दिशा 'व्हर्टिकल', जागा १०८०. पुन्हा एकदा, जागा २१६०. चित्राच्या कडेला दिसणाऱ्या मोजपट्टीवरून माउसने ओढूनही गाइड आणता येतं, पण ते चार-पाच पिक्सेल इकडेतिकडे पडतं आणि सरकवताना जोड दिसतो. आकडा टाइप करणंच बरं.

कापण्याआधी गाइड चित्रात कशावरून जातं ते बघा. झिरो माइलच्या फोटोत ते दगडी खांबाच्या मध्यातून किंवा घोड्याच्या मानेतून गेलं तर प्रत्येक तुकडा सुटा बघताना अपुरा वाटतो. कंट्रोल आणि झेड दाबून क्रॉपपर्यंत मागे या, चौकट थोडी डावी-उजवीकडे सरकवा आणि गाइड पुन्हा घाला.

मग 'इमेज' मेनूतलं 'स्लाइस यूझिंग गाइड्स'. जुन्या आवृत्तीत यालाच 'गिलोटिन' म्हणत, कागद कापायच्या यंत्रावरून. तीन नवीन चित्रं उघडतात, मूळ चित्र तसंच राहतं. नव्या चित्रांच्या नावांपुढे जागेप्रमाणे आकडे लागतात, पण ती अजून डिस्कवर जतन झालेली नाहीत. प्रत्येक एक्सपोर्ट करावं लागतं. मध्येच वीज गेली की सगळं गेलं, हे ध्यानात ठेवून लगेच करा.

तुकडे बरेच असतील तर २.१० मध्ये 'फिल्टर्स', 'वेब', 'स्लाइस' हे जास्त सोयीचं आहे. गाइड घातलेलं चित्र घेऊन ते चालवलं की फोल्डर विचारतं, फाइलचा प्रकार विचारतं आणि सगळे तुकडे स्वतःच जतन करतं. सोबत वेबपानाची एक फाइलही बनवतं, ती नको असेल तर काढून टाका.

गाइडची एक मर्यादा समजून घ्या. गाइड चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातं, मध्ये थांबत नाही. म्हणून काचेवर दोन उभे आणि खाली एक आडवा अशी मांडणी असेल तर वरच्या दोघांमधली उभी रेघ खालच्या फोटोला मधोमध चिरते. सुट्या फोटोंना चौकटीची पद्धत, सरळ जाळीला गाइड, असं काम वाटून घ्या.

फोटोशॉपमध्ये

स्कॅन केलेल्या फोटोंसाठी फोटोशॉपमध्ये तयार सोय आहे: 'फाइल', 'ऑटोमेट', 'क्रॉप अँड स्ट्रेटन फोटोज'. ते फोटो शोधतं, सरळ करतं आणि प्रत्येक वेगळा उघडून देतं. मात्र फोटोंमध्ये निदान एक अष्टमांश इंच, म्हणजे तीनेक मिलिमीटर अंतर आणि मागे एकसारखा रंग हवा. काळा कार्डशीट इथेही कामाला येतो. दोन फोटो जोडून एकच आला तर अंतर कमी पडलं असं समजा. एक फोटो दोन तुकड्यांत आला तर त्याच्यातच पार्श्वभूमीसारखा सपाट भाग आहे, जसं काळ्या पडद्यापुढचं स्नेहसंमेलन. असे फोटो हाताने कापा.

समान तुकड्यांसाठी 'स्लाइस टूल' घ्या, चित्रावर राइट क्लिक करून 'डिव्हाइड स्लाइस' मध्ये आडवे-उभे किती ते लिहा. नंतर 'फाइल', 'एक्सपोर्ट', 'सेव्ह फॉर वेब' मधून 'ऑल स्लाइसेस' निवडा. तुकडे 'इमेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात, बरेच जण ते दुसरीकडेच शोधत असतात.

मोठं चित्र चार ए-फोर पानांवर

मारबतीच्या मिरवणुकीचा किंवा तान्ह्या पोळ्याचा फलक मोठा हवा आहे आणि फ्लेक्सचा खर्च नको, तर चार पानं चिकटवून काम होतं. इथे गाइडने कापू नका. पानं जोडायला एकमेकांवर थोडा भाग चढावा लागतो आणि गाइड तसा भाग ठेवत नाही.

ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. बहुतेक प्रिंटर कडेला पाचेक मिलिमीटर कोरं सोडतात, म्हणून छापता येणारी जागा २०० बाय २८७ धरा. तुकडे एकमेकांवर १० मिलिमीटर चढवायचे, तर पूर्ण चित्र ३९० बाय ५६४ मिलिमीटर होतं. दहा फुटांवरून वाचायच्या फलकाला १५० डीपीआय पुरे. त्या हिशेबाने पूर्ण चित्र २३०३ बाय ३३३१ पिक्सेल, प्रत्येक तुकडा ११८१ बाय १६९५ आणि चढणारा भाग ५९ पिक्सेल.

चित्र २३०३ बाय ३३३१ करून घ्या. प्रमाण जमत नसेल तर आधी क्रॉप करा, ताणू नका, चेहरे लगेच फुगलेले दिसतात. 'रेक्टँगल सिलेक्ट' ची एक छोटी चौकट कुठेही ओढा आणि पर्यायांतल्या 'पोझिशन' आणि 'साइझ' च्या रकान्यांत आकडे टाइप करा. साइझ चारही वेळा ११८१ आणि १६९५. पोझिशन अनुक्रमे ० आणि ०, ११२२ आणि ०, ० आणि १६३६, ११२२ आणि १६३६. प्रत्येक वेळी कॉपी करून नवीन चित्रात पेस्ट करा. नव्या चित्रात 'इमेज', 'प्रिंट साइझ' उघडून रिझोल्यूशन १५० आहे का बघा, नसेल तर लिहा. मग एक्सपोर्ट.

झेरॉक्सच्या दुकानात छापायला देताना 'फिट टू पेज' बंद ठेवून शंभर टक्क्यांवर छापायला सांगा. एक पान जरी फिटमध्ये छापलं तरी त्याचं माप बदलतं आणि बाकी तिघांशी जुळत नाही. आधी एकच पान काढून पट्टीने मोजा: चित्र २० सेंटिमीटर रुंद भरलं तर उरलेली तीन छापा. जोडताना डाव्या पानाची उजवीकडची कोरी पट्टी कापायची नाही, तिच्यावर गोंद लावायचा. उजव्या पानाची डावी कोरी पट्टी कापायची आणि ते पान वर चढवून चित्र जुळवायचं. खालच्या दोन पानांचं तसंच, मग खालची जोडी वरच्या जोडीवर.

नावं

दोनशे फायली झाल्यावर 'अनटायटल्ड' नावाचा काही उपयोग नसतो. नाव एक्सपोर्ट करतानाच द्या, नंतर देऊ म्हटलं की राहतं. वर्ष आधी, मग जागा, मग प्रसंग, शेवटी क्रमांक: १९८४-महाल-लग्न-०१. क्रमांकाला पुढे शून्य लावा, नाहीतर टीव्हीला पेन ड्राइव्ह लावल्यावर १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. फायली लॅबमध्ये न्यायच्या असतील तर हीच नावं रोमन अक्षरांत लिहा, तिथल्या जुन्या मशीनवर देवनागरीचे चौकोन दिसू शकतात.

वर्ष माहीत नसेल तर फोटोच्या मागची बाजू बघा आणि तिथे काही लिहिलं असेल तर तीही स्कॅन करा, त्याच क्रमांकापुढे 'मागे' जोडून. तेही नसेल तर चित्रातलं नागपूर बघा. दीक्षाभूमीवरच्या स्तूपाचं उद्घाटन १८ डिसेंबर २००१ ला झालं, त्यामुळे मागे पुरा झालेला स्तूप दिसत असेल तर फोटो त्या सुमाराचा किंवा नंतरचा आहे. सीताबर्डीत वरून मेट्रो जाताना दिसली तर तो मार्च २०१९ च्या सुमाराचा किंवा नंतरचा आहे. घरातल्या आजी-आजोबांना फोटो दाखवून विचारायचं काम मात्र स्कॅनिंगच्याच आठवड्यात करा आणि ते सांगतील ती नावं लगेच फाइलच्या नावात किंवा त्याच फोल्डरमधल्या साध्या मजकूर फायलीत लिहा.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो आकाराने लहान होऊन पोहोचतो, आणि पुण्याच्या आत्याने तोच छापून फ्रेम केला तर चेहरे धूसर येतात.